चाळीस दिवसांची किळस

कडुनिंबाला मोहोर आला, हातगाड्यांच्या मागं कलिंगडाच्या सालींचे ढीग साचू लागले आणि चर्चच्या फळ्यावर उपवासकाळाची पाटी लागली, की माझ्या पोटात ढवळायला लागतं. वयामुळे होत असेल, असं मुलं म्हणतात. वयाचा काही संबंध नाही. मी पस्तिशीत होते तेव्हापासून हे दरवर्षी होतं, आणि त्याला कारण एक कुत्रं आहे.

यंदा जरा जास्तच ढवळलं. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी सकाळी, मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या तरुण पाळकसाहेबांनी एक चित्र टाकलं. लोकरीच्या गुंड्यासारखं पांढरंशुभ्र कुत्रं, गळ्यात निळी रिबन, आणि खाली पाळीव कुत्र्याकडून शिकायचे विश्वासाचे सात धडे. कुत्रं मालकाची वाट बघतं, तशी आपण प्रभूची बघावी. कुत्रं मालकाचा आवाज ओळखतं, तसा आपणही ओळखावा. कुत्रं मिळेल त्यात समाधान मानतं. असेच पुढचे चार. खाली सगळ्यांनी हात जोडून ठेवले होते. रविवारी उपदेशही त्यावरच झाला. पाळकसाहेबांच्या घरी खरोखरच तसलं कुत्रं आहे. ते शाम्पूनं न्हातं आणि गादीवर झोपतं. माणूस गोड, कुत्रं गोड, उपदेशही गोड. मला बाकावर बसल्याबसल्या शिसारी आली. कुत्रं मिळेल त्यात समाधान मानतं हे ज्यानं लिहिलं, त्यानं कुत्र्याला मिळेल ते खाताना कधी पाहिलेलं नाही.

मी पाहिलं आहे. चाळीस दिवस पाहिलं आहे.

आमच्या छावणी भागातला हा काळ तसाही सुगंधाचा नाही. फाल्गुन सरत आला की नळाला चार-चार दिवस पाणी नसतं. मोऱ्या सुकतात आणि सुकल्या की जास्त वास मारतात. खाम नदीत जे उरतं त्याला नदी म्हणायला जीभ धजत नाही. दुपारी वारा सुटला की धूळ, कुठंतरी पेटवलेल्या कचऱ्याचा धूर आणि निंबाच्या फुलांचा कडसर वास असं सगळं मिळून पडद्यांना चिकटतं. नेमक्या याच दिवसांत आम्ही ख्रिस्ती लोक कशाचा तरी त्याग करतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी सिनेमा. मी नगरच्या मिशन कंपाउंडमधली मुलगी, शिस्तीत वाढलेली, शाळेत शिकवणारी. त्या वर्षी मी चहा सोडला होता आणि तो सोडल्याचं दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला सांगत होते.

त्या वर्षी यांची बदली वैजापूरला झालेली. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळच्या गाडीनं जायचे. मुलं शिकायला नगरला माझ्या माहेरी. घरात मी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर होते. लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे त्यांचं काम. ते रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्याच गालात आतून जखम निघाली. तंबाखूनं डाव साधला होता. विजेचे शेक देऊन झाले, औषधं झाली, मग डॉक्टरांनी सांगितलं की आता घरीच राहू द्या, जे मागतील ते खाऊ घाला. खाणार काय? पातळ पेज, तीही एका बाजूनं. गाल सुजून ओठ वाकडा झालेला, तोंड नीट मिटायचं नाही. लाळ सारखी गळायची, कधी तिच्यात रक्ताची तार असायची. आणि वास. त्या वासाबद्दल मला आजही नीट लिहिता येत नाही. तो खोलीत मामांच्या आधी यायचा आणि ते उठून गेल्यावरही बसून राहायचा.

राखेच्या बुधवारी ते कपाळावर राख घेऊन चर्चमधून परत आले, तेव्हा मागं हे कुत्रं होतं. लूत भरलेलं. पाठीवर एक केस नाही, नुसती करडी-गुलाबी कातडी आणि खपल्या. कानांत गोचिडं गच्च भरलेली, टम्म फुगलेली. एका डोळ्यातून पू. मी दारातच उभी राहिले.

"मामा, हे काय आणलंत?"

"म्या कशाला आनतू? माझ्या मागं मागं आलं," मामा म्हणाले. जिभेला जागा नव्हती म्हणून त्यांचे शब्द घोगरे आणि अर्धवट यायचे. "आता माझ्या मागं कोन येतं पोरी? आलंय तर येऊ दे."

त्याचं नाव त्यांनी मुकादम ठेवलं. तीस वर्षं मुकादमाचं ऐकलं, आता एक मुकादम माझं ऐकंल, म्हणाले, आणि हसले. हसताना लाळेची धार सदऱ्यावर आली. मी आत निघून गेले.

मुकादमानं मामांचं काहीएक ऐकलं नाही. सकाळी मामा त्याला घेऊन मैदानाकडे जायचे. पोरं जिथं परसाकडला बसायची तिथं तो आधी न्याहारी उरकायचा. मेलेली घूस दिसली की तिच्यावर पाठ टेकून चारी पाय वर करून लोळायचा, अत्तर लावल्यासारखा अंगभर वास माखून घ्यायचा आणि मग ओसरीवर येऊन मामांच्या पायाशी पसरायचा. मामा बाजेवर टेकून डुलकी घेत असले की हळूच उठायचा आणि त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारी लाळ चाटून काढायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं तांदळाचं ताट खाली पडलं. मामा मात्र डोळे मिटून स्वस्थ बसले होते, न्हाव्यापुढं बसावं तसे.

आता कुणी यात प्रेम शोधेल. सात धड्यांमधला एखादा इथं चिकटवेल. त्या प्रेमात मीठ होतं आणि पेजेची चव होती, एवढं मी खात्रीनं सांगते. कुत्र्याला किळस नाही हा त्याचा मोठेपणा नाही. देवानं त्याला नाक तसं दिलंय, त्याला घुशीचं आणि गुलाबाचं सारखंच कौतुक. पण एक गोष्ट खरी. त्या घरात मामांच्या तोंडाजवळ तोंड नेणारं तेवढं एकच होतं.

मी काय केलं होतं ते सांगते. मी मामांचं ताट, वाटी आणि पेला वेगळा केला होता. स्टीलची सगळी भांडी सारखीच दिसतात, चुकून मिसळू नयेत म्हणून त्यांच्या बुडाला मी माझ्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. कॅन्सर उष्ट्यानं पसरत नाही हे मला ठाऊक होतं. शाळेत मुलांना मीच आरोग्याचे धडे शिकवायचे. तरी ठिपका लावला, आणि ती भांडी मोरीच्या कोपऱ्यात निराळी ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मामांनी पेला रिकामा करून उलटा केला, ठिपक्यावर अंगठा फिरवला आणि पेला खाली ठेवला. मला वाटलं, त्यांना कळलं नाही. आपल्याला सोयीचं तेच वाटतं माणसाला.

त्या वर्षी आमचे चाळीस दिवस आणि रमजान एकमेकांत मिसळले होते. शेजारी रज्जाकभाई राहायचे, त्यांचं सायकलचं दुकान होतं. मामांचे जुने दोस्त. कुत्रं घरात आणल्याबद्दल त्यांनी मामांना रोज शिव्या घातल्या. मुकादम जवळ आला की पायजमा घोट्याच्या वर धरून भिंतीला चिकटायचे, नमाजाचे कपडे नासतील म्हणून. पण मुकादमासाठी हाडं टाकायचे तेच, लांबून, नेम धरून. संध्याकाळी रोजा सोडताना मामांसाठी सरबताचा ग्लास यायचा त्यांच्या घरून. एकदा रात्री तो ग्लास परत द्यायला मी राखेनं घासत बसले होते, घासून झाला की पुन्हा घासत होते. रज्जाकभाई कुंपणापलीकडून बघत होते.

"इतना क्यूं घिसरै भाभी?"

"मामांचं तोंड लागलंय त्याला."

"तो? कुत्ते का मुं लगा तो हमारे में सात बार धोना पडता. ये तो आदमी का है. एक बार धोव, लाव इधर."

त्यांनी ग्लास माझ्या हातातून घेतला आणि त्यातच माठातलं पाणी घेऊन प्याले. त्यांचा नियम होता आणि तो कुत्र्यापाशी संपत होता. माझा नियम कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला लाज वाटायला हवी होती. मला त्यांचा राग आला.

मामांनी प्याल्याची गोष्ट मला त्याच आठवड्यात सांगितली. रागानं नाही. मुकादमाला भाकरीचा कुटका भिजवून भरवता भरवता, सहज.

वैजापूरच्या अलीकडे त्यांचं खेडं. निजामाच्या अंमलात गावाबाहेर चहाचं हॉटेल निघालं होतं. तिथं मामांच्या वडलांसाठी कान तुटलेली कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असायची. ती आपण काढायची, आपण धुवायची, धरायची. चहा वरून पडायचा. पोलीस अ‍ॅक्शन झाली, रझाकार गेले, निजाम गेला, आणि दुसऱ्या दिवशी वळचणीची कपबशी जिथल्या तिथं होती. पुढं दोनेक वर्षांनी एक पाद्री गावात आला. वडलांनी बाप्तिस्मा घेतला, मामा तेव्हा दहा-बारा वर्षांचे.

"शास्तर बाला काय कळत नव्हतं," मामा म्हणाले. "प्रभुभोजनाला पाद्रीनं प्याला बाच्या तोंडाला लावला. बा घाबरत घाबरत प्याला. आमच्या मागं अजून चौघं प्याले, आन् राह्यलेलं पाद्री सोता प्याला. त्याच प्याल्यातून. बा घरी येऊन रडला. म्हन्ला, लोकाचं उष्टं जलमभर खाल्लं, पर माझं उष्टं कुनी प्यालेलं आजच पायलं."

प्रभुभोजनात उरलेला द्राक्षारस ओतून टाकायचा नसतो, पाळकानं तो तिथंच वेदीपाशी संपवायचा असतो. हा नियम मी लहानपणापासून पाहिला होता. कुणी त्यापायी रडेल असं मला कधी सुचलं नव्हतं. माझे पणजोबाही अशाच कुठल्या तरी वळचणीतून आले असणार. पण आम्ही नगरचे. आम्ही पियानो वाजवायचो. कपबशी विसरायला आम्हाला तीन पिढ्या पुरल्या होत्या.

आणि हे सगळं ऐकल्यावर मी काय केलं? पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मामा रांगेत गेले, गुडघे टेकले, प्याले. प्याला दूर झाला तेव्हा त्याच्या काठापासून मामांच्या ओठापर्यंत लाळेची एक तार लोंबली आणि तुटली. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी काठ पांढऱ्या कापडानं पुसला. मामांशेजारी गुडघे टेकलेल्या बाईनं ओठ मिटून नुसती मान वर केली, प्यायल्यासारखं केलं. तिच्या पलीकडची उठूनच गेली. मी चौथ्या बाकावरून बघत होते. मी आधीच जाऊन आले होते. दर वेळी मामांच्या आधीच जायचे.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी पाळकसाहेबांच्या घरी गेले. तेव्हाचे पाळकसाहेब वयस्क, सभ्य, कुणाला न दुखावणारे. मी म्हटलं, मामांना आता त्रास होतो, मंडळीलाही संकोच होतो, त्यांना घरी येऊनच प्रभुभोजन दिलंत तर बरं. आणि मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. कुणीतरी आपल्याऐवजी हे बोललं याचं केवढं समाधान होतं त्या चेहऱ्यावर! आम्ही दोघांनी डोळे मिटून प्रार्थनाही केली. तिथं मला चहा पुढं केला, तो मी घेतला नाही. माझा उपवास होता ना.

ती प्रार्थना आठवली की मुकादमाची न्याहारी मला सोवळी वाटते.

त्याच सुमारास मुकादमाच्या कानामागं जखम झाली आणि तिच्यात किडे पडले. मामांनी रज्जाकभाईंकडून टर्पेंटाइन आणवलं, जुना चिमटा उकळला आणि ओसरीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्या क्षणी ते आजारी दिसत नव्हते. टर्पेंटाइनचे थेंब पडले तसे पांढरे किडे वळवळत वर आले, तांदळासारखे. एक, दोन, पाच, मामा चिमट्यानं काढून रॉकेलच्या वाटीत टाकत होते. कुत्रं हिसका द्यायला लागलं.

"पोरी, जरा डोस्कं धर याचं."

मी जवळ गेले. हात लावला. ती गरम, खरखरीत कातडी, आणि खाली काहीतरी हलत असल्याचा भास. मी हात काढून घेतला.

"मला नाही जमणार मामा. किळस येते."

"मला काय येत नव्हती? तीस वरीस रोज यायची. तोंड फिरीव की तिकडं. हात तेवढा काढू नको."

मी आत गेले आणि साबणानं हात धुतले. बाहेर कुत्रं केकाटत होतं आणि मामा एका हातानं त्याला दाबून दुसऱ्या हातानं काम करत होते. मी हात धूतच राहिले. नळाला पाणी आलेला तो दिवस होता, तेवढाच काय तो देवाचा हात मला दिसला.

आता आमच्या चर्चमध्ये तो प्रश्नच उरलेला नाही. साथीच्या काळात सामायिक प्याला बंद झाला, तो पुन्हा आला नाही. आता ट्रेमध्ये औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या पेल्या असतात, प्रत्येकाची वेगळी. प्यायची आणि बाकाखालच्या डब्यात टाकायची. स्वच्छ आहे, सोयीचं आहे, डॉक्टरही मान डोलावतील. मला ते फार आवडतं. आणि आवडतं म्हणूनच दर वेळी ती पेली ओठाला लावताना मला स्वतःचा वीट येतो. नाताळात आम्ही कापूस आणि चमकी लावून गोठा सजवतो, तेव्हाही हेच होतं. गोठ्याला शेणाचा वास असतो, बाळंतिणीच्या खोलीला रक्ताचा. देव आला तो या सगळ्यात आला, नाक न धरता आला, ही आमच्या विश्वासातली मुख्य गोष्ट. आणि नेमकी तीच आम्ही कापसात गुंडाळतो. निळी रिबन बांधतो. तरुण पाळकसाहेबांना हे सांगावंसं वाटलं होतं, पण त्यांनी दारात हात मिळवून विचारलं, "मावशी, संदेश आवडला का?" आणि मी हो म्हणाले.

त्या वर्षी मोठ्या आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या बुधवारी, दुपारी चारच्या सुमारास, जुने पाळकसाहेब घरी आले. हातात मखमलीची छोटी पेटी. आत चांदीची डबी आणि एक नाजूक काचेची पेली. मामा बाजेवर होते, मुकादम खाली. त्याचा कान भरून आला होता, पाठीवर विरळ केसही आले होते, वास मात्र तोच.

"उद्याच्या प्रभुभोजनाच्या गर्दीत तुमची ओढाताण नको म्हणून आजच आलो," पाळकसाहेब म्हणाले.

मामांनी पेटीकडे पाहिलं. "उद्या म्या येनार हाय. रांगंत."

"अहो, पण प्रभू इथंही आहे. घरी घेतलं तरी तेच प्रभुभोजन."

"प्रभू असंल इथं. पर माझ्या मागून कोन पिनार?"

पाळकसाहेबांना तो प्रश्न कळला नाही. मला कळला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पाळकसाहेब अवघडले, घाम पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मंडळीचाही विचार करावा लागतो हो. आणि तुमच्या घरचंच म्हणणं पडलं. सूनबाईच आल्या होत्या बोलायला."

मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाळकसाहेब पेटी मिटून, पुन्हा येतो म्हणून, जवळजवळ पळाले. मला वाटलं मामा आता मला बोलतील. बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. शिवी दिली असती तरी सुटले असते. ते म्हणाले, "तुझं बी काय चुकीचं नाय पोरी. वास येतू. मला बी येतू."

एवढंच. मग मुकादमानं उठून त्यांची हनुवटी चाटली आणि त्यांनी मान वर करून त्याला चाटू दिली. मी क्षमा मागितली नाही.

गुरुवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर मामा काठी घेऊन निघाले. धुतलेला सदरा घातला होता, खांद्यावर दोन पंचे. मी चार पावलं मागून. मुकादम सगळ्यांच्या पुढं, नावाप्रमाणे. चर्चच्या दारात तो पायरीवर बसला. मामा शेवटच्या बाकावर, मी चौथ्यावर, माझ्या नेहमीच्या जागी.

आमच्यात रीत अशी की कुणाशी बिनसलेलं असेल तर आधी समेट करायचा, मगच वेदीपाशी जायचं. मी बसूनच राहिले. रांगा गेल्या, आल्या. शेजारणींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मामाही उठले नाहीत. ते सगळ्यांना आधी जाऊ देत होते. शेवटची रांग परत आली तेव्हा काठीचा आवाज झाला आणि ते एकटेच, हळूहळू, मधल्या वाटेनं पुढं गेले. कुणाला आपल्या मागून प्यावं लागू नये अशी सोय त्यांनी स्वतःच केली होती. कठड्याशी गुडघे टेकले. भाकर पाळकसाहेबांनी द्राक्षारसात भिजवून मऊ करून दिली, ती त्यांना गिळायला वेळ लागला. मग प्याला. ते प्याले, खोकले, प्याल्यातच थोडं खोकले.

पाळकसाहेबांनी प्याला मागं घेतला आणि आत पाहिलं. आता उरलेलं त्यांनाच संपवायचं होतं. मी चौथ्या बाकावरून त्यांचा चेहरा पाहिला. नाकपुड्या आवळलेल्या, ओठ आत ओढलेले, डोळ्यांत कसंबसं सावरलेलं सौजन्य. मी तो चेहरा ओळखला. मोरीच्या कोपऱ्यातलं ताट उचलताना तो माझा असायचा. मामा खालून, गुडघ्यांवरून, त्याच चेहऱ्याकडे बघत होते. वाट बघत होते.

प्रेमानं उठले असं लिहायला मला आवडलं असतं. मी तो चेहरा सहन होईना म्हणून उठले. मामांच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले आणि हात पुढं केले. पाळकसाहेबांनी एक क्षण पाहिलं, मग प्याला माझ्या हातातच दिला. तळाशी बोटभर द्राक्षारस होता, वर फेस, फेसात लाल तार. तो वास सरळ नाकात गेला. मामा माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा सुजलेला गाल माझ्या खांद्यापासून वीतभर होता. मी तोंड फिरवलं नाही. काठ कुठं उष्टा झालाय ते पाहिलं नाही. प्याले. सगळं.

आशीर्वाद होईपर्यंत मी दात आवळून धरले. मग बाजूच्या दारानं धावत बाहेर गेले, आवाराच्या भिंतीपाशी चिंचेखाली पोचले आणि ओकले. पोटातलं सगळं. भाकर मी घेतलीच नव्हती. नुसतं लाल पाणी आणि दुपारची खिचडी. भिंतीला हात टेकून मी उभी होते, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मनात एकच गोष्ट की मी प्रभूचं रक्त मातीत ओकले. तेवढ्यात पायाशी चप् चप् आवाज आला. मुकादम मान खाली घालून चाटत होता.

"हाड! हाड!" मी ओरडले. लाथ मारली. तो थोडा सरकला आणि पुन्हा आला. मला मातीत बसून रडू आलं. इतकं घाण मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि त्या घाणीत सगळ्यात घाण मी होते.

काठी वाजली. मामा आले, माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि झालेलं सगळं त्यांना कळलं.

"मामा, हा बघा काय करतोय. प्रभुभोजन आहे ते."

"खाऊ दे. त्याला बी भूक हाय." ते भिंतीला टेकून हळूच माझ्याशेजारी खाली बसले. "किती येळ झाला तू गिळून?"

"आशीर्वाद होईपर्यंत धरलं होतं. नाही जमलं मला, मामा. पोटात राहिलं नाही."

त्यांनी उघड्या तळहातानं माझं तोंड पुसलं. हनुवटी, गाल, नाकाखालचं सगळं. मग तो हात आपल्या धुतलेल्या सदऱ्याला पुसला.

"ओकनं पोटाचं काम हाय पोरी," ते म्हणाले. "गिळनं तुझं व्हतं."